तट्टूवरची दहा मिनिटे आणि बाकीचा दिवस

दिव्यांग मुलांसाठी भरवलेल्या तट्टूस्वारीच्या आणि हस्तकलेच्या एकदिवसीय शिबिराला आम्ही आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन नुकतेच जाऊन आलो. तिला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवरचा ताबा बिघडवणारा विकार) आहे, ती व्हीलचेअर वापरते आणि तिच्या मांड्यांचे स्नायू कायम आखडलेले असतात. शिबिर पाच तासांचे आणि प्रत्यक्ष स्वारी दहा मिनिटांची, हे प्रमाण आधी ध्यानात आले असते तर आमची तयारी वेगळी झाली असती.

नोंदणीच्या अर्जात वय आणि वजन विचारले होते. खुब्याविषयी मात्र एक अक्षर नव्हते. सेरेब्रल पाल्सीत मांडीचे हाड खुब्याच्या सांध्यातून सरकण्याचा धोका असतो आणि तट्टूवर पाय फाकवून बसताना नेमका त्याच सांध्यावर ताण येतो. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके अस्थिर असतात, त्यांनाही स्वारी घातक ठरू शकते. म्हणून अर्जात विचारलेले असो वा नसो, डॉक्टरांचा लेखी होकार घ्यावा आणि मुलाला फिट्स येत असतील तर तेही आधीच कळवावे. आम्ही एक्स-रे सोबत नेला होता. तो पाहून तिथल्या फिजिओथेरपिस्टबाईंनी रुंद पाठीचे तट्टू बाजूला ठेवून अरुंद पाठीचे मागवले आणि खोगिराऐवजी जाड गादी बांधायला सांगितली.

मुलगी तट्टूला घाबरली नाही, घाबरली ती हेल्मेटला. हनुवटीखालचा पट्टा आवळताच तिने जे रडणे सुरू केले ते थांबेपर्यंत तिची पाळी दोनदा पुढे ढकलावी लागली. तेव्हा आठवडाभर आधीपासून घरी रोज थोडा वेळ हेल्मेट घालण्याची सवय लावावी.

व्हीलचेअर रॅम्पवर नेऊन तिला अलगद तट्टूवर बसवले. पुढे मोतद्दार आणि दोन्ही बाजूंना मांडी व घोटा धरून चालणारे दोन स्वयंसेवक, अशी व्यवस्था होती. पहिल्या फेरीत तिचे पाय कात्रीसारखे आवळलेले होते. तिसऱ्या फेरीत उजवा बूट तट्टूच्या बरगडीवर सैल लोंबू लागला. तट्टूच्या चालीबरोबर स्वाराची कंबर वर-खाली, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे, जवळजवळ माणसाच्या चालण्यासारखीच हलते, शिवाय त्याच्या अंगाची ऊबही मांड्यांना मिळते. हा सैलपणा संध्याकाळपर्यंतच टिकला, हेही सांगायला हवे. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी ‘एवढ्याने काय होणार?’ असे विचारले, तेव्हा मी त्यांना डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांच्याविषयी सांगितले. पोलिओमुळे गुडघ्यांखाली पाय लुळे पडलेल्या या बाईंना घोड्यावर चढता-उतरताना दुसऱ्याची मदत लागे, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली करवून घेण्याच्या स्पर्धेत, रौप्यपदक मिळवले. आजोबांचे समाधान झाले नाही, आणि आमच्या दहा मिनिटांपुरता त्यांचा प्रश्न रास्तच होता.

हस्तकला जेवणानंतर ठेवली होती, ही आयोजकांची चूक म्हणावी लागेल, कारण तोवर निम्मी मुले पेंगुळली होती. ब्रशही इतके बारीक दांड्याचे होते की आमच्या मुलीच्या मुठीत एकही टिकेना. अखेर मी रुमाल गुंडाळून दांडा जाड केला. दांड्यावर चढवायला फोमची नळी आणि ताटली न सरकू देणारी रबरी चटई घरूनच न्यावी.

सकाळी पाळीची वाट पाहताना मात्र एका मोतद्दाराने तिच्या हाताला पट्ट्याने ब्रश बांधून दिला आणि व्हीलचेअरवर बसूनच तिने तट्टूला खरारा केला. ब्रशमध्ये अडकलेले तपकिरी केस तिने मुठीत जपून ठेवले होते. दुपारी हस्तकलेत पुठ्ठ्याच्या घोड्याला बाकीच्यांनी लोकरीची आयाळ लावली, हिने ते केस चिकटवले. आम्ही निघेपर्यंत डिंक वाळलाच नाही, त्यामुळे परतीच्या वाटेवर तो घोडा मला दोन्ही हातांनी आडवा धरून बसावे लागले; झाकणाचा एखादा उथळ डबा सोबत असू द्यावा.