व्याजाविना कोंढव्यात घर: मामूंचा हिस्सा कोणत्या किमतीला घ्यायचा?

आमच्या धर्मात व्याज चालत नाही, म्हणून गृहकर्ज काढायचं नाही, हे लग्नाआधीच आमचं ठरलं होतं. २०२१ मध्ये पुण्याच्या कोंढव्यात ६० लाखांचा तयार टू बीएचके पसंत पडला. बचत आणि वाईकडची जमीन विकून आलेली रक्कम मिळून हाताशी ३६ लाख होते.

भारतात बिनव्याजी बँक नाही. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये तशी सोय सुचवली होती, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. म्हणून मी मामूंकडे गेलो. उसने मागायला नाही, भागीदारीसाठी. २४ लाख त्यांचे, म्हणजे ४० टक्के घर त्यांचं. त्या हिश्शाचं भाडं आम्ही द्यायचं आणि हिस्सा हळूहळू विकत घ्यायचा. याला मुशारका मुतनाकिसा म्हणतात, घटत जाणारी भागीदारी.

भाडं किती? दुबईतल्या चुलतभावाच्या अशाच करारात बँकेला द्यायचं 'भाडं' तिथल्या बँकांच्या आपसातल्या व्याजदराला बांधलेलं आहे. मला ते पटेना. राहणार घरात, तर भाडं त्या घराचं हवं. त्याच इमारतीत चौकशी केली, १८ हजार निघाले. ४० टक्क्यांचे ७,२०० झाले. वर्षाचे ८६,४०० म्हणजे २४ लाखांवर ३.६ टक्के. तेव्हा गृहकर्जाचा दर सातच्या आसपास होता, म्हणजे मामूंना जेमतेम निम्मं मिळणार होतं. मी हे त्यांच्यापुढे आकड्यांनिशी ठेवलं. ते म्हणाले, "उरलेलं घराच्या भावात येईल."

इथेच मी अडलो. हिस्सा मूळ किमतीलाच घेईन, असं मी कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं. मामूंनी चष्मा काढला. "भाव पडला तर माझाही तोटा तू भरणार, चढला तर माझाही नफा तुझाच, मग मी भागीदार कसला, बाळा?" मी आमच्या मौलानांना विचारलं. त्यांनी इस्लामी वित्तव्यवहारांचे नियम ठरवणाऱ्या बहरीनच्या आयोफी संस्थेचं मानक दाखवलं: हिस्सा बाजारभावाने किंवा त्या वेळी ठरेल त्या किमतीने घ्यावा, मूळ किंमत आधीच बांधून घेऊ नये, कारण तसं केलं तर भागीदाराच्या भांडवलाची हमी दिल्यासारखं होतं. मला लाज वाटली. त्यांच्या वाट्याची वाढ स्वतःकडे ठेवून वर धर्माचं नाव घेत होतो.

खरेदीखत मामी आणि बायकोच्या नावे केलं. दोन्ही खरेदीदार स्त्रिया असल्याने मुद्रांक शुल्कात एक टक्का, म्हणजे ६० हजार वाचले. भागीदारीचा करार वकिलाकडून वेगळा करून घेतला. घरपट्टी आणि मोठी दुरुस्ती हिश्शाप्रमाणे, किरकोळ दुरुस्ती आमच्याकडे.

२०२४ मध्ये पहिला दहा टक्के हिस्सा घेतला. सरकारमान्य मूल्यांकनकाराने घर ६९ लाखांचं ठरवलं, म्हणून सहाऐवजी ६ लाख ९० हजार दिले. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी पुन्हा भरावी लागली. ब्रिटनने वित्तसंस्थांमार्फत होणाऱ्या अशा बिनव्याजी गृहव्यवहारांवरचं दुहेरी शुल्क २००३ पासूनच काढायला सुरुवात केली, आपल्याकडे ते बसतं. म्हणून कुणी असं करणार असेल तर लहान लहान तुकडे पाडू नका, दोन-तीन टप्प्यांतच हिस्सा घ्या.

आता त्या इमारतीत भाडं २० हजार आहे. मामींच्या ३० टक्क्यांचे सहा हजार दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांच्या खात्यावर जातात.