कॉलेजला फुटबॉलची टीमच नाही, मग सही कोण करणार?

माझा मुलगा कॉलेजात शेवटपर्यंत बास्केटबॉल खेळला आणि आता त्याने अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक करार केला आहे. हे लिहिताना ऊर भरून येतो, पण रागही अजून गेलेला नाही. एका सहीपायी हे सगळं बारगळायची वेळ आली होती. इथे अमेरिकेतल्या मराठी घरांतली आणखी मुलं या वाटेला जातील, त्यांच्या आईवडिलांसाठी सगळं सविस्तर लिहिते.

तो सहा फूट पाच इंच आहे. आपल्याकडे हे ऐकून लोक तोंडात बोटं घालतात, पण बास्केटखाली खेळणाऱ्याला एनबीएत, म्हणजे बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, ही उंची कमीच पडते. फुटबॉलमधल्या टाइट एंडला, म्हणजे समोरच्याला अडवणाऱ्या आणि पासही झेलणाऱ्या खेळाडूला, मात्र ती नेमकी लागते. अंगावर माणूस रेलत असताना त्याला पाठीने रोखायचं आणि हवेतला चेंडू ओढून घ्यायचा, हे रिबाउंडचंच, म्हणजे बास्केट हुकून परत आलेला चेंडू पकडण्याचंच, काम. अँटोनियो गेट्स केंट स्टेटकडून बास्केटबॉल खेळायचा, कॉलेजात फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. 2003च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला कुणी निवडलं नाही, तरी सॅन डिएगो चार्जर्स या संघाने नंतर घेतलं. पुढे त्याने 116 टचडाउन (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेऊन गुण मिळवणं) केले आणि 2025मध्ये तो फुटबॉलच्या मानाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. मुलाने हे नाव सांगितलं तेव्हा त्याचे बाबा गप्प बसले आणि मी वजन वाढवायच्या जेवणाला लागले.

सराव, कोच शोधणं, वजन वाढवणं हे सगळं जमलं. अडलं ते प्रो डेला.

मार्चच्या सुमाराला विद्यापीठं आपल्या फुटबॉलपटूंची चाचणी ठेवतात, तिला प्रो डे म्हणतात. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या संघांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, येतात, चाळीस यार्डांची धाव हातातल्या घड्याळावर मोजतात, 225 पौंड, म्हणजे 102 किलो, छातीवरून किती वेळा उचलता येतात ते बघतात, उडी बघतात. मुलाच्या कॉलेजला फुटबॉलची टीमच नाही, त्यामुळे प्रो डेही नाही. शेजारच्या एका विद्यापीठाने 'आमच्याकडे या' म्हटलं. चांगली माणसं होती. त्यांनी एक फॉर्म पाठवला. त्यात वैद्यकीय माहिती, विम्याचा पुरावा, जोखमीचं हमीपत्र आणि खाली एक चौकट : 'खेळाडूच्या कॉलेजच्या फुटबॉल विभागाची सही.'

ती चौकट कोण भरणार?

बास्केटबॉलचे कोच म्हणाले, फुटबॉल माझ्या अखत्यारीत नाही. नियमांचं पालन बघणारं ऑफिस म्हणालं, त्याची कॉलेजकडून खेळायची वर्षं संपली, आता तो आमचा खेळाडू नाही. खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या ट्रेनिंग रूमने विधी विभागाकडे पाठवलं, विधी विभागाने पुन्हा त्याच ऑफिसकडे. मी फोन केला तर पलीकडून शांतपणे सांगण्यात आलं, 'तुमच्याशी बोलता येणार नाही.' कॉलेजात गेलेल्या मुलाच्या नोंदींचा हक्क मुलाचा असतो, फर्पा नावाचा कायदाच तसा आहे. फी भरताना आम्ही चालतो, पण फॉर्म कुठे अडकलाय ते विचारायला चालत नाही! म्हणून पहिल्या वर्षीच मुलाकडून संमतीपत्र भरून कॉलेजला देऊन ठेवा. दवाखान्याच्या कागदांसाठी वेगळी संमती लागते, तीही घ्या.

मुलगा क्लास सांभाळून ऑफिसच्या खेपा घालत होता. ईमेलला उत्तर यायचं ते 'संबंधित विभागाकडे पाठवलं आहे' एवढंच. तो संबंधित विभाग अस्तित्वातच नव्हता, आणि हे कुणी लिहून द्यायला तयार नव्हतं. प्रो डेची तारीख तर कुणासाठी थांबणार नव्हती. रात्री तो म्हणायचा, 'आई, जाऊ दे, मी नोकरी बघतो.' चाळीस यार्ड धावून त्याला नाकारलं असतं तर मी मुकाट सोसलं असतं. धावूच न देणं मला सहन होत नव्हतं.

मार्ग काढला ट्रेनिंग रूममधल्या एका बाईंनी. त्या म्हणाल्या, चौकटीत सही मागूच नका, त्याऐवजी पत्र मागा. कॉलेजच्या लेटरहेडवर तीनच वाक्यं : आमच्याकडे फुटबॉल नाही, हा विद्यार्थी इतकी वर्षं आमच्या बास्केटबॉल संघात होता, त्याचे वैद्यकीय कागद आमच्या ट्रेनरने तपासले आहेत. त्याखाली क्रीडा संचालकांच्या ऑफिसने सही केली. शेजारच्या विद्यापीठाने ते पत्र त्याच दिवशी स्वीकारलं. इतके आठवडे ज्याच्यासाठी गेले, ते काम एका पानाचं होतं. तुमच्या मुलाच्या कॉलेजात फुटबॉल नसेल तर जानेवारीतच हे पत्र घ्या, चौकटीच्या नादी लागू नका.

हो, फुटबॉलचं चित्रीकरण नसतं तेव्हा बास्केटबॉलचं द्या. पण बास्केट टाकतानाचं नको. रिबाउंड, स्क्रीन लावणं (सोबत्यासाठी समोरच्याची वाट अडवणं), पायांची हालचाल एवढंच कापून काढा, स्काउट तेच विचारतात. गुडघ्याचा जुना एमआरआय असेल तर रिपोर्टबरोबर मूळ चित्रंही मागून घ्या.

प्रो डे छान झाला. ड्राफ्टमध्ये नाव येणार नव्हतंच. मे महिन्यात एका एनएफएल संघाने नव्या खेळाडूंच्या शिबिराला फक्त चाचणीसाठी बोलावलं, पण करार दिला नाही. त्यानंतर एका इनडोअर लीगच्या संघाचा फोन आला. तिथे मैदान पन्नास यार्डांचं, छताखालचं, पगार थोडा. पण पगार आहे, हेल्मेट आहे आणि पुढच्या वर्षी दाखवायला खऱ्या फुटबॉलचं चित्रीकरण असेल. त्यांनी वैद्यकीय कागद मागितले आणि मुलाने ते तासाभरात पाठवले, कारण सगळी फाइल तयार होती.

एजंटचं सांगायचं राहिलं. एनएफएलसाठी खेळाडूंच्या संघटनेचं प्रमाणपत्र असलेलाच एजंट घ्या. करारातल्या रकमेच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त त्याला घेता येत नाही. आम्हाला एकाने आधीच पैसे मागितले, त्याला आम्ही दारातूनच परत पाठवलं. आणि प्रो डेला दुखापत झाली तर कॉलेजवर विसंबू नका. सव्वीस वर्षांपर्यंत मुलगा आपल्या आरोग्य विम्यात राहू शकतो, त्याचं नाव काढू नका.