शेजारच्या आजींची पिओनी : खणण्यापासून फुलण्यापर्यंत सहा वर्षं

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये आमच्या शेजारच्या आजींनी घर विकायला काढलं आणि मला पहिली काळजी लागली ती त्यांच्या दारातल्या पिओनीची. आम्ही मिशिगनमध्ये राहतो, अ‍ॅन आर्बरपासून अर्ध्या तासावर. २०१६ ला या घरात आलो तेव्हापासून दर मे महिन्याच्या शेवटी ते झुडूप मी बघत होते, कमरेएवढं उंच, आणि त्यावर ही एवढाली गुलाबी फुलं, पाकळ्यांवर पाकळ्या, मोजायला गेलं तर मोजता येणार नाहीत अशी. आणि वास! आमच्या सांगलीच्या घरी आईचा देशी गुलाब होता ना, अगदी त्याच्या जवळ जाणारा वास, खिडकी उघडी असली की आमच्या किचनपर्यंत यायचा.

आजी म्हणाल्या, नवीन लोक तिथे ड्राइव्ह-वे रुंद करणार आहेत, झाड राहणार नाही, तुला हवं तर घेऊन जा. ते त्यांच्या सासूबाईंनी लावलेलं, सासूबाईंनी त्यांच्या माहेरच्या शेतावरून आणलेलं. म्हणजे किती वर्षांचं ते आजींनाही नक्की सांगता येईना, पण पिओनी एका जागी शंभर वर्षंसुद्धा जगते त्यामुळे मला त्यात काही नवल वाटलं नाही. नाव विचारलं तर म्हणाल्या "सारा बर्नहार्ट", इथे जुनी गुलाबी डबल (म्हणजे भरगच्च पाकळ्यांची) पिओनी दिसली की सगळे हेच नाव सांगतात. (या नावावर पुढे येते.)

पिओनी हलवायची ती शरद ऋतूतच, सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर. तोपर्यंत झाडाने पुढच्या वर्षीचे डोळे तयार केलेले असतात आणि जमीन गोठायच्या आत मुळांना धरायला वेळ मिळतो. वसंतात हलवली तर बिचारी रुसते. खणायच्या आधी मी ८११ ला फोन केला, इथे खणण्यापूर्वी गॅस आणि केबलच्या लाइन्स कुठून गेल्यात ते त्यांच्याकडून मार्क करून घ्यावं लागतं, ते लोक येऊन झेंडे लावून गेले. मग ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मी आणि नवरा, दोघं फावडं आणि गार्डन फोर्क घेऊन भिडलो. देठं चार बोटं ठेवून वरचं सगळं कापलं, बुंध्यापासून फूट-दीड फूट लांबून चारी बाजूंनी चर खणला. इथली माती चिकण, त्यात रात्री पाऊस झालेला. दोन तास लागले. शेवटी गड्डा उचलला तेव्हा तो आम्हा दोघांना मिळून जेमतेम उचलता आला, ताडपत्रीवर ओढतच घरी आणला.

पाइपने धुतल्यावर पाहिलं तर मुळं रताळ्यासारखी जाड, एकमेकांत गुंतलेली, आणि इतकी ठिसूळ की जरा वाकवलं की कडकन मोडतात. म्हणून घाई केली नाही, रात्रभर गॅरेजमध्ये सावलीत ठेवली. सकाळपर्यंत मुळं थोडी मऊ पडतात मग कापताना कमी मोडतात. या गड्ड्याच्या वरच्या बाजूला गुलाबी-लाल टोकदार कोंब असतात, त्यांनाच इथे डोळे म्हणतात. मला तर बघताक्षणी उसाची आठवण झाली! आमच्याकडे दोन डोळ्यांची टिपरी करून ऊस लावतात, लहानपणापासून ते बघितलेलं. इथे हिशोब तीन ते पाच डोळ्यांचा, प्रत्येक तुकड्याला तेवढे डोळे आणि खाली चांगली जाड मुळं हवीत. चाकू प्रत्येक कापाआधी स्पिरिटने पुसला, मऊ पडलेला, कुजका भाग काढून टाकला. असे पाच तुकडे झाले. एक आजींना दिला, त्या मुलीकडे ओहायोला चालल्या होत्या. एक मैत्रिणीला. तीन आमच्या अंगणात.

आणि इथेच माझी चूक झाली.

त्या दिवशी आप्पांना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. आप्पा शेतकरी, डोळे बघून एकदम खूश झाले, म्हणाले, "अगं हे तर उसासारखंच की! मग डोळ्यावर माती हवी हं, उघडा राहिला तर करपतोय." मलाही ते पटलं, शिवाय डोक्यात होतं की इथे जानेवारीत उणे वीसपर्यंत जातं, मग जेवढं खोल तेवढं उबदार. चांगली अर्धी वीत माती चढवली, वरून कंपोस्ट, त्यावर मल्च, म्हणजे पालापाचोळ्याचं आच्छादन. उसाच्या बाबतीत आप्पांचं अगदी बरोबर होतं पण पिओनीचं सगळं उलटं. तिला थंडी हवीच असते, कित्येक आठवडे कडक थंडी लागल्याशिवाय कळीच धरत नाही. म्हणून तर ती आपल्याकडे येत नाही, महाबळेश्वरची थंडीसुद्धा तिला पुरायची नाही. डोळे जमिनीखाली फार तर दोन इंच हवेत, त्याहून खोल गेली की झाड मरत नाही, पानं छान येतात, फूल मात्र येत नाही.

२०२० च्या एप्रिलमध्ये लालचुटुक कोंब वर आले तेव्हा मी इतकी आनंदले होते, लॉकडाऊनचे दिवस, बाहेर कुठे जाणं नाही, रोज सकाळी चहा घेऊन तिथे उभी. पहिल्या वर्षी फूल येत नाही हे वाचलेलं होतं. २०२१ लाही फक्त पानं. २०२२ ला तिन्ही मिळून चार कळ्या, वाटाण्याएवढ्या, त्यातली एक काळी पडून वाळली आणि बाकीच्या तिथेच थांबल्या. मला रडूच आलं खरं सांगते, आजींच्या सासूबाईंचं झाड माझ्या हातून वाया जातंय असं वाटायला लागलं.

त्याच जूनमध्ये आम्ही अ‍ॅन आर्बरच्या निकोल्स आर्बोरेटममध्ये (वृक्षोद्यानात) गेलो. तिथली पिओनी गार्डन १९२२ सालची, डॉ. अपजॉन यांनी दिलेल्या झाडांपासून सुरू झालेली, जुन्या जातींचा एवढा मोठा संग्रह अख्ख्या उत्तर अमेरिकेत दुसरा नाही. भर बहरात एका वेळी दहा हजारांपर्यंत फुलं असतात. मिशिगनमध्ये असाल तर एकदा तरी बघाच, मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत. तिथे वाफ्यापाशी एक वयस्कर बाई भेटल्या, आयुष्यभर पिओनी लावलेल्या. मी त्यांना फोनमधले फोटो दाखवले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, किती खोल लावलीस?

आणि दुसरं म्हणजे नाव. मी "सारा बर्नहार्ट" म्हटलं तर त्यांनी मला समोर खऱ्या सारा बर्नहार्टपाशी नेलं. फ्रान्समधल्या नॅन्सीच्या लेमॉइन यांनी १९०६ मध्ये आणलेली जात, त्या काळच्या फ्रेंच नटीचं नाव दिलेली. तिच्या कळ्या अजून घट्ट मिटलेल्या होत्या! ही उशिरा फुलणारी. मी सांगितलं की आजींची तर दर वर्षी मेमोरियल डेला (मेच्या शेवटच्या सोमवारी) फुललेली असायची, आजींच्या सासूबाई त्या दिवशी तीच फुलं कापून कबरींवर न्यायच्या. त्या बाई लगेच म्हणाल्या, मग ही "एड्युलिस सुपर्बा" असणार. लवकर फुलते, गडद गुलाबी, गुलाबाचा वास, मधल्या भरगच्च पाकळ्यांखाली बाहेरच्या रुंद पाकळ्यांची बशी. हे सगळं आजींच्या फुलाशी तंतोतंत जुळत होतं. मेमोरियल डेचं जुनं नाव डेकोरेशन डे, अमेरिकेच्या यादवी युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी फुलांनी सजवायचा दिवस, १८६८ पासूनचा, आणि उत्तरेकडे त्या आठवड्यात अंगणात हमखास फुललेली असायची ती हीच, म्हणून जुन्या शेतघरांपाशी ती अजून सापडते.

एड्युलिस सुपर्बा १८२४ सालची, फ्रान्सच्या लेमाँ यांची. दोनशे वर्षं! बी लावून ही जात तशीच्या तशी येत नाही, तुकडे करूनच वाढवावी लागते. म्हणजे आपल्या हापूसच्या कलमांसारखं, १८२४ चं जे पहिलं झाड होतं त्याचाच तुकड्याचा तुकड्याचा तुकडा आमच्या अंगणात आहे. हे कळल्यापासून त्या झाडाकडे बघायची माझी नजरच बदलली.

त्या ऑक्टोबरमध्ये तिन्ही पुन्हा उकरल्या. पट्टीने मोजलं, डोळे पाच इंच खाली! या वेळी खड्ड्यावर आडवी काठी ठेवली, काठीपासून डोळ्यांच्या टोकापर्यंत दीड ते दोन इंच राहतील असा तुकडा धरला, खाली माती घट्ट दाबली कारण सैल ठेवली की पाणी घातल्यावर गड्डा खाली बसतो आणि पुन्हा खोल जातो. दोघींमध्ये तीन फूट अंतर, दिवसभर ऊन येईल अशी जागा, बोनमील (हाडांचं खत) मूठभर, मल्च डोळ्यांवर अजिबात नाही. काळी पडलेली कळी म्हणजे बोट्रायटिस बुरशी, म्हणून आता दर शरदात सगळी देठं जमिनीलगत कापून कचऱ्यात टाकते, कंपोस्टमध्ये नाही.

२०२३ ला काही नाही. २०२४ ला पाच फुलं. त्या वर्षी आई इथे होती, कळ्यांवर मुंग्या बघून हळद टाकायला निघाली, मी अडवलं. कळीवर गोड चिकट रस येतो तो चाटायला मुंग्या येतात, त्यांनी काही बिघडत नाही आणि त्या नसल्या तरी फूल उमलतंच. फुलं एवढी जड की पाऊस झाला की जमिनीला टेकतात, म्हणून एप्रिलमध्येच भोवती तारेची रिंग लावावी, नंतर पानं मोडतात.

आणि २०२५ ला एकवीस! आजींना फोन केला. त्या आता नव्वदीच्या पुढे आहेत, त्यांच्या मुलीकडे सावली फार, तिथला तुकडा जगलाय पण फुलला नाही कधी. मी विचारलं, सासूबाईंच्या कबरीवर नेऊ का? थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या कळी दाबून बघ, मार्शमॅलोसारखी मऊ लागली की काप, पूर्ण उमललेली नेऊ नकोस. २६ मे ला, मेमोरियल डेलाच, सकाळी सात कळ्या कापल्या, ओल्या पेपरात गुंडाळल्या, बादलीत उभ्या करून टाउनशिपच्या छोट्या दफनभूमीत गेलो. दगड शोधायला जरा वेळ लागला. काचेच्या बरणीत पाणी घालून फुलं ठेवली आणि त्यांना व्हिडिओ कॉल लावला. आजींनी फोन अगदी डोळ्यांजवळ धरून पाहिलं. वास तसाच आहे का विचारलं, मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, देठं फार लांब ठेवलीस गं, वाऱ्याने बरणी पडेल, निम्मी काप. गाडीत कात्री होती, तिथेच बसून कापली.