बुजलेल्या विहिरीची पाणीपातळी

जळगावच्या कॉलेजात मी भूशास्त्र शिकवतो. मध्यंतरी एका शोधपत्रिकेने यावल-रावेर पट्ट्यातल्या भूजल पुनर्भरणावरचा पेपर तपासायला पाठवला. लेखकाचं नाव झाकलेलं, पण संदर्भांत निम्मे लेख एकाच माणसाचे. ओळखायला ज्योतिषी नको. त्यांच्याच पुस्तकावर आमची पिढी पास झाली.

पद्धत नेहमीचीच. मे आणि ऑक्टोबरमधल्या विहिरींच्या पातळ्यांतला फरक घ्यायचा, क्षेत्रफळाने आणि तापीच्या गाळाच्या पाणी देण्याच्या क्षमतेने गुणायचं. गणित चोख होतं. अडकलो तक्त्यात. मामांच्या गावातली एक विहीर, मे महिन्यातही तिला पाणी! सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या भागात केळीसाठी ट्यूबवेल खोल खोल जात राहिल्या आणि जुन्या विहिरी कोरड्या पडल्या, हे शेंबडं पोरही सांगेल.

पेपर गोपनीय, म्हणून मामांना नुसतं विहिरीबद्दल विचारलं.

"ते इहीर? ते त कधीचीच बुजून टाकली रे भो. तिच्यावर आता गोठा हाये."

आता एवढ्या मोठ्या माणसाला हे लिहायचं कसं? समीक्षकाचं नाव लेखकाला कळत नाही, हा आधार. शिवाय १९३६ साली आइनस्टाइनचाही पेपर 'फिजिकल रिव्ह्यू'ने असाच अनामिक समीक्षकाकडे पाठवला होता. गुरुत्वलहरी नसतातच, असा त्यात दावा होता. समीक्षकाने चूक दाखवली, आइनस्टाइन चिडले, पेपर मागे घेतला. पुढच्या वर्षी तो दुसरीकडे छापून आला तेव्हा निष्कर्ष उलटा झाला होता.

मी लिहिलं: मूळ नोंदवही जोडावी. दुसऱ्या समीक्षकाचा शेरा दोन ओळींचा होता, 'उत्कृष्ट, छापावा.' त्याला तरी काय बोलणार? समीक्षक कागद बघतो, विहीर नाही. नोंदी खऱ्या आहेत असं धरूनच सगळे वाचतात, आणि या कामाला ना पैसा, ना कुठे नाव.

सरांनी महिनाभरात नोंदवहीचे फोटो पाठवले. पातळी खरी होती, पण शेजारच्या गावातल्या विहिरीची. उतरवताना क्रमांक बदलला होता. बाकीच्या विहिरीही त्यांनी पुन्हा ताडून पाहिल्या, तेव्हा आणखी एक घोळ त्यांनाच सापडला. पुनर्भरणाचा आकडा बराच खाली आला. नव्या मसुद्यात त्यांनी अनामिक समीक्षकाचे आभार मानले होते.

संपादकांनी लगेच दुसरा पेपर धाडला, गिरणाकाठचा. तिकडे माझा एकही मामा नाही. नोंदवही मी पहिल्याच पत्रात मागितली.