मीठ फुटलेलं ढेकूळ

आमच्या सांगलीच्या कॉलेजात निसर्ग मंडळाचा मेळावा दरवर्षी जानेवारीत भरतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांना रोप देऊन सत्कार, हे सगळीकडं असतं तसंच. त्या रोपांचं पुढं काय होतं ते पाहुणेच जाणोत. प्रयोगशाळा सहायक म्हणून बावीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे, पण त्या दिवशी हजर असतोच. मी वाट बघतो ती चहानंतरची. 'आमच्या रानातली माती' म्हणून पहिल्या वर्षाची पोरं बोलायला उभी राहतात तेव्हाची.

कृष्णाकाठी उसाला पाट सोडून सोडून जमिनी खारवल्या, हे इथल्या माणसाला सांगायला नको. मिरज, वाळवा, पलूस, कुठंही जा, कुणाचं तरी रान पड पडलेलंच. पोरं घरची माती आणतात, एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून ढवळतात, क्षार आणि सामू, म्हणजे पीएच, मोजतात. सामू साडेआठच्या वर गेला की चोपणाची, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या जमिनीची, शंका.

एका वर्षी एक मुलगी उठली. हातात कागद नाही. बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यातनं ढेकूळ काढून टेबलावर ठेवलं. वर दुधावर साय धरावी तसा पांढरा थर. म्हणाली, "आजा म्हणायचा, हे नदीकाठचं मळीचं, सुपीक रान होतं. पाणी जास्त झालं की खालचं मीठ पाण्याबरोबर वर येतं, उन्हानं पाणी उडतं आणि मीठ राहतं. मला हे यंदा कळलं. आजाला कुणी सांगितलंच नाही." मग जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा कसा करतात, धैंचाचं हिरवळीचं खत गाडून काय होतं, ते भराभर सांगितलं आणि बसली. टाळ्या वाजायला वेळ लागला.

तेव्हा सभागृहात माणसं किती? एकेचाळीस, मी मोजली. पुढच्या रांगेतले सत्कार होताच उठले, मधले भडंग संपल्यावर. फोटोत मात्र सगळे आहेत.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा तळमजल्यावरचं कपाट बुडालं. मातीच्या नमुन्यांच्या बाटल्या राहिल्या, लेबलं गेली. कुठली माती कुणाच्या रानातली, आता कोण सांगणार? पुढच्या जानेवारीत पोरांनी पुराचा गाळ आणला, तोच मोजला.

आभार मानताना नावं घेतली की एखादं राहतं आणि वर्षभर बोलणी खावी लागतात, म्हणून कामं सांगतो. सतरंज्या घालणारे शिपाई मामा. प्लॅस्टिकचे कप नकोत म्हटल्यावर घरोघरचे स्टीलचे पेले गोळा करणाऱ्या आणि रात्री ते मोजून परत देणाऱ्या मावशी. माईक खरखरला की धावणारा वायरमन. जुने अहवाल शोधून देणाऱ्या ग्रंथालयातल्या मॅडम. रोपं फुकट देणारे नर्सरीवाले दादा. पूर ओसरल्यावर चिखल काढायला आलेली हॉस्टेलची पोरं, तीही सगळी.

आणि हो, त्या मुलीचे वडील. ढेकूळ फुटू नये म्हणून मोटारसायकल हळू चालवत आलेले. आत या म्हटलं तर पायांत चिखल आहे म्हणाले, आणि शेवटपर्यंत दारातच उभे राहिले. बेचाळीस माणसं होती.