ह्यांगो किनाऱ्यावरचा बसथांबा

कोरियाला जाऊन आलो म्हटलं की लोक विचारतात, मुलीला बीटीएसचं वेड का? तर आधीच सांगते, आमच्या घरात मुलगी नाही, मीच आर्मी, म्हणजे बीटीएस या कोरियन बँडची चाहती. वय सत्तेचाळीस.

सोलच्या तीन दिवसांबद्दल फार लिहीत नाही. हायब या त्यांच्या कंपनीची इमारत बाहेरून पाहिली, नुसती काच. युजोंग सिकदांग या खानावळीत मात्र जीव रमला. बीटीएसची पोरं ट्रेनी असताना तिथे जेवायची. भिंतींवर त्यांचे इतके फोटो की बघताबघता दगडी वाडग्यातल्या भाताने जीभ पोळली.

पण मला जायचं होतं ह्यांगो किनाऱ्यावर. सोलहून केटीएक्स या वेगवान रेल्वेने दोन तासांत पूर्व किनाऱ्यावरचं गांगनुंग, तिथून साध्या बसने जुमुन्जिन. जुमुन्जिनच्या बाजारात दोरीवर माखल्या वाळत घातलेल्या. वास थेट वेंगुर्ल्याच्या आजोळी घेऊन गेला, म्हणून एक जुडी घेतली. ह्यांनी रुमाल नाकाला लावला.

बीटीएसच्या २०१७च्या 'यू नेव्हर वॉक अलोन' अल्बमच्या फोटोंसाठी त्या वाळूत एक खोटा बसथांबा उभारला होता. काम झाल्यावर काढून टाकला. तरी लोक जागा शोधत येतच राहिले, तेव्हा गांगनुंगवाल्यांनी तो पुन्हा बांधला. एक बाक, वर छप्पर, मागे समुद्र. आणि समोर ही रांग!

"अगं, वेळापत्रक कुठे लावलंय?" ह्यांनी विचारलं.

"अहो, इथे बस येत नाही."

"मग रांग कशाची?"

उत्तर दिलं नाही, कारण माझं लक्ष पुढच्या तिघींकडे होतं. ट्रायपॉड, दोन टोप्या, जॅकेटांची अदलाबदल, अर्धा तास! बाईंनो, समुद्र कुठे पळून चाललाय का? माझा नंबर लागला तेव्हा मागच्यांच्या नजरा पाठीला टोचत होत्या. त्या बाकावर बसून त्याच अल्बममधलं 'स्प्रिंग डे' ऐकायचं, एवढंच गेली काही वर्षं मनात होतं. हेडफोन खिशातच राहिला. दोन मिनिटांत उठले. ह्यांनी अकरा फोटो काढले, त्यातल्या तिनांत बोट.

परतीचा खरा थांबा रस्त्यावर. एक खांब, बाकी कुणी नाही. बसला तासभर अवकाश होता. तिथे लावलं गाणं. एक हेडफोन ह्यांनी मागून घेतला. तिसऱ्या वेळेला म्हणाले, "चाल बरी आहे." मी समुद्राकडे तोंड फिरवलं, वारं डोळ्यांत जात होतं असं समजा.

बस आली आणि भाड्याचं टी-मनी कार्ड रिकामं. जवळ फक्त पन्नास हजार वॉनची नोट. तिच्यावरची सोळाव्या शतकातली चित्रकार शिन साइमदांग गांगनुंगचीच, पाच हजाराच्या नोटेवर तिचा मुलगा. पण मायलेकांचा हा इतिहास ड्रायव्हरला सुटे देत नाही. त्याने मान हलवली. तेवढ्यात मागून भाजीची पिशवी घेतलेली एक आजी पुढे आली, ड्रायव्हरला दोन बोटं दाखवून "दू म्योंग", म्हणजे दोन माणसं, म्हणाली आणि तिचं कार्ड टेकवून मोकळी झाली. मी नोट पुढे केली तर हातावर चापट.

मग माझ्या पिशवीतल्या माखल्या तिला दिसल्या. हुंगून पाहिल्या. कितीला, असं खुणेने विचारलं. मी फोनवर आकडा दाखवला. आजीने ह्यांच्याकडे बघून "च्च" केलं, आणि जुमुन्जिन येईपर्यंत मला त्या कशा पारखायच्या ते कोरियनमध्ये समजावत राहिली.