बूट नको, हातमोजा हवा

चामड्याच्या परफ्यूममध्ये चामडं नसतं. गुलाबाचं अत्तर निघतं, वाळ्याचं निघतं, चामड्याचं निघत नाही. बाटलीवर ‘लेदर’ लिहिलेलं असतं तो वास कुणीतरी दहा-पंधरा घटक एकत्र करून जुळवलेला असतो. हे कळलं तेव्हा मला हायसं वाटलं, कारण दुकानात मनगटावर मारून पाहिलेली बहुतेक लेदर परफ्यूम्स मला सोसतच नव्हती. नुसता धूर, डांबर आणि गॅरेज. मला हवा होता मऊ वास, ऑफिसात शेजारी बसणाऱ्याचं डोकं उठणार नाही असा. ‘सर्ज ल्युतांस’ या फ्रेंच ब्रँडचं 2004 सालचं ‘दँ ब्लाँ’ मैत्रिणीच्या छोट्या डिकँटमधून (मोठ्या बाटलीतून काढून भरलेल्या कुपीतून) हुंगलं आणि असा वास असू शकतो याची खात्री पटली. त्यात मखमली चामडं आणि जर्दाळू शेजारी शेजारी बसलेत. पूर्ण बाटलीची किंमत पाहिली आणि ठरवलं, घरीच जुळवून बघू.

कच्चा माल मागवण्याआधी इतिहास वाचला, आणि खरं सांगायचं तर निम्मं काम तिथेच झालं. रशियात चामडं पाण्यात टिकावं म्हणून त्याला बर्च झाडाच्या सालीचं डांबरी तेल लावत. बुटांचा तो धुरकट वास म्हणजे ‘रशियन लेदर’. शनेलचं ‘क्वीर द रूसी’ 1920च्या दशकात करणारा एर्नेस्त बो मॉस्कोत जन्मलेला, त्यामुळे तो वास त्याला कुणी शिकवायला लागला नसणार. दुसरी वाट दक्षिण फ्रान्समधल्या ग्रासची. आज अत्तरांची राजधानी म्हणवणारं हे गाव आधी कातडी कमावणाऱ्यांचं होतं. कमावलेल्या कातड्याची घाण झाकायची म्हणून श्रीमंतांचे हातमोजे फुलांच्या वासात मुरवून विकत. पुढे चामड्याचा धंदा मागे पडला, वासाचा राहिला.

म्हणजे आपण चामड्याचा म्हणतो तो वास बराचसा त्याला लावलेल्या गोष्टींचा असतो. आपल्या नव्या कोऱ्या कोल्हापुरीचंच घ्या. त्या वासात बाभळीची साल आणि हिरडा केवढा असतो! आणि दुकानांतल्या मला न सोसलेल्या बाटल्या बहुतेक बुटांच्या घराण्यातल्या होत्या. तेव्हा बर्चचं तेल यादीतून सरळ उडवलं. (तसंही कच्च्या बर्च डांबराला उद्योगाच्या सुरक्षा नियमांत बंदी आहे, फक्त शुद्ध केलेलं चालतं.)

राहिलं काय? आयसोब्युटिल क्विनोलिन. हा प्रयोगशाळेत बनणारा पदार्थ चामड्याच्या परफ्यूम्सचा कणा आहे. 1944 साली जर्मेन सेलिएने ‘बांदी’मध्ये तो इतका सढळ हाताने वापरला की ते परफ्यूम आजही भल्याभल्यांना झेपत नाही. नुसता हुंगला तर हिरवट, कडू, मातकट लागतो आणि बोटाला लागला तर दुसऱ्या दिवसापर्यंत निघत नाही. तो हिंगासारखा वापरायचा असतो. एक टक्क्याचं द्रावण करायचं आणि तेही अगदी जरासंच घालायचं. त्याच्या जोडीला सॅफ्रालीन घेतलं. त्याला केशराचा आणि उबदार चामड्याचा असा दोन्ही वास आहे, आणि आपल्या नाकाला केशर ओळखीचं असल्यामुळे पहिला आडपडदा तिथेच गळून पडतो.

अल्कोहोलचा प्रश्न होताच. शुद्ध इथेनॉल उत्पादन शुल्काच्या परवानगीशिवाय हाती लागत नाही आणि त्या कागदपत्रांत मला शिरायचं नव्हतं. म्हणून सगळं डीपीजी या बिनवासाच्या, जरा दाट द्रावकात केलं आणि रोल-ऑनमध्ये भरलं. त्यातला वास हवेत फारसा उधळत नाही, अंगाजवळ राहतो. मला तेच हवं होतं.

थेंब मोजून मात्र मिश्रण करू नये. ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा, हातमोजे, उघडी खिडकी आणि वही एवढं लागतंच. वहीत प्रत्येक घटकाचं वजन लिहायचं, नाहीतर आवडलेलं मिश्रण पुन्हा जमत नाही.

चामडं मऊ करायचं म्हणजे क्विनोलिन कमी करायचं असं मला वाटत नाही. ते कमी केलं की चामडं मऊ होत नाही, नाहीसं होतं. बदलावं लागतं ते त्याच्या भोवतीचं. मिथाइल आयोनोनने व्हायोलेटच्या फुलाचा पावडरी कोरडेपणा आला आणि चामड्याची चमक जाऊन त्यावर लव आली. मस्क, म्हणजे प्रयोगशाळेत बनणारी कस्तुरी, भरपूर घातलं. जर्दाळूसाठी गॅमा अनडेकालॅक्टोन, अगदी नखभर. आयसो ई सुपरने सगळ्याला कोरड्या लाकडाची बैठक दिली. मस्कबद्दल एक सांगून ठेवते: काही माणसांना ठरावीक मस्कचा वास येतच नाही, नाक धडधाकट असूनही. म्हणून स्वतःला वास येत नाही या एकाच कारणाने त्याचं प्रमाण वाढवू नका, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी नाकाखाली वास घ्यायची कागदी पट्टी धरा.

ताज्या मिश्रणाला धारदार वास येतो, तो खरा धरायचा नाही. बाटली अंधारात दोन-तीन आठवडे ठेवली की कडा बोथट होतात. कागदी पट्टीवर क्विनोलिन पुढे येत होतं, मनगटावर तासाभराने केशर आणि मस्क. निर्णय मनगटावरच घेतला.

या सगळ्यात आत्या आमच्याकडे राहायला आली होती. शुद्ध शाकाहारी, देवघरात चामड्याचा पट्टा घालूनही कुणाला येऊ देत नाही. “चामड्याचं अत्तर करतेस? अगं, निदान सणावाराला तरी लावू नकोस,” म्हणाली. मी समजावलं की पूर्वी या परफ्यूम्समध्ये बीव्हर नावाच्या प्राण्याच्या ग्रंथीतलं कॅस्टोरियम घालत, माझ्या बाटलीत प्राण्याचं काही नाही. शिवाय कनौजचे अत्तरवाले अत्तर मुरवायला पूर्वापार उंटाच्या कातड्याच्या कुप्प्या वापरत आले आहेत, कारण अत्तरात राहिलेलं पाणी कातड्यातून उडून जातं. तेव्हा आजीच्या अत्तरदाणीतलं अत्तरही कुठल्यातरी कुप्पीत मुरलेलं असू शकेल. यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने हात पुढे केला. “केशराचंच आहे की,” असा निकाल लागला.

मी वाद घातला नाही. चामडं नको म्हणणाऱ्याला केशर सापडावं आणि चामडं शोधणाऱ्याला चामडं, इतपत ते मऊ झालं होतं.

सध्याच्या बाटलीत जर्दाळू जास्त झालाय. थंडीत तो गोड लागत होता, एप्रिलच्या उकाड्यात चिकट वाटायला लागलाय. पुढच्या मिश्रणात तो निम्मा करून त्या जागी आयोनोन वाढवणार आहे. क्विनोलिन आहे तेवढंच.